पाटी लावा, बिलात लपवू नका

नाश्त्याला बाहेर गेल्यावर आपण दोन गोष्टी विकत घेतो, खाणं आणि बसणं. खाण्याचा दर मेनूकार्डावर छापलेला असतो. बसण्याचा दर कुठेच लिहिलेला नसतो, तरी तो वसूल होतोच. कुठे बिलाच्या तळाशी ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ म्हणून, कुठे कॉफीच्या किमतीत मुरवून, तर कुठे वेटर दर पाच मिनिटांनी येऊन ‘अजून काही?’ विचारत राहतो तेव्हा. चार मित्रांनी हौसेने ठरवलेल्या नाश्त्याचा विरस होतो तो बहुतेक वेळा इथेच. माझं म्हणणं सरळ आहे. बसण्याला किंमत आहे हे हॉटेलवाल्याने आणि गिऱ्हाइकाने दोघांनीही मान्य करावं, ती किंवा त्याबद्दलचा नियम दारावर पाटी लावून आधीच सांगावा, आणि बिलात मागच्या दाराने काहीही घालू नये.

आधी हॉटेलवाल्याची बाजू घेतो, कारण ती कमी ऐकली जाते. शनिवार-रविवारची सकाळ हा नाश्त्याच्या धंद्याचा हंगाम. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपाशी या दोन दिवशी सकाळी दाराबाहेर नावं लिहून घेतली जातात आणि माणसं फुटपाथवर ताटकळत उभी असतात. समजा, एका कॅफेत चार खुर्च्यांची १२ टेबलं आहेत, म्हणजे ४८ खुर्च्या. गर्दीची वेळ सकाळी ८ ते ११.३०, म्हणजे २१० मिनिटं. टेबल ३५ मिनिटांत रिकामं होत गेलं तर सहा फेऱ्या होतात आणि २८८ माणसं जेमतेम बसतात. माणशी २०० रुपये धरले तर गल्ल्यात ५७,६०० रुपये. आता तेच टेबल प्रत्येक वेळी दीड तास अडलं तर दोन फेऱ्या पुऱ्या होतात आणि तिसरी अर्धवट राहते. दोन फेऱ्यांत ९६ माणसं. ती जास्त वेळ बसली म्हणून एकेक कॉफी आणि एखादी बशी जास्त मागवतील, माणशी ३०० धरा. २८,८०० रुपये. तिसऱ्या फेरीचं थोडंफार त्यात मिळवलं तरी फरक भरून निघत नाही. भाडं तेच, पगार तेच, गॅस थोडा कमी.

हा हिशेब सगळ्या खुर्च्या भरल्या असं धरून आहे, आणि तसं कधीच होत नाही. पाच जणांचा घोळका आला की चाराची दोन टेबलं जोडावी लागतात, तीन खुर्च्या रिकाम्या राहतात. पाचवी खुर्ची टेबलाच्या टोकाला लावली तर वाढणाऱ्याची वाट अडते आणि गरम सांबाराची वाटी कोणाच्या तरी खांद्यावरून फिरते. ‘आम्ही सहा आहोत, चौघं आलेत, दोघं गाडी लावताहेत’ हे वाक्य दारावरच्या माणसाला सगळ्यात नकोसं असतं. गाडी लावायला वीस मिनिटं लागतात, तोवर सहा खुर्च्या अडून बसतात आणि स्वयंपाकघरात एकही ऑर्डर गेलेली नसते. पूर्ण मंडळी आल्याशिवाय टेबल देत नाही, असा नियम काही ठिकाणी आहे. तो उद्धटपणा वाटतो, पण बाहेर उभ्या असलेल्यांच्या बाजूने पाहिलं तर तो न्याय्य आहे.

भाड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते, जी बिलावर दिसत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांवर ५ टक्के जीएसटी आहे, पण त्यांना इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय, मिळत नाही. नोंदणीकृत घरमालकाला दिलेल्या व्यापारी भाड्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. दुसरा एखादा धंदा हा कर आपल्या करातून वजा करून घेतो. हॉटेलवाल्याला ती सोय नाही, तो पैसा त्याच्या खर्चात जातो. महिन्याला दोन लाख भाडं असेल तर ३६ हजार रुपये असे जातात. म्हणून ‘डोशाला लागतं काय, मूठभर तांदूळ आणि चमचाभर उडीद’ हा आपला लाडका हिशेब अपुरा आहे. डोशाच्या किमतीत खुर्चीचं भाडं असतंच.

आता स्वयंपाकघरात जाऊ, कारण टेबल किती वेळ अडणार हे निम्मं तिथे ठरतं. उडपी हॉटेलातला लांब चौकोनी तवा एका वेळी चार ते सहा डोसे घेतो. दर खेपेआधी मास्तर तव्यावर पाणी शिंपडतो, ते तडतडत उडून जातं, मग झाडूने तवा पुसून घेतो. हे केलं नाही आणि तवा फार तापलेला राहिला तर पीठ पसरतच नाही, वाटीबरोबर गोळा होऊन वर येतं. साधा डोसा दोन-तीन मिनिटांत उतरतो. उत्तप्प्याला उलट मंद आच हवी, जाड थर आतपर्यंत शिजायला पाच-सहा मिनिटं जातात, आणि घाई केली की कांदा जळतो आणि पोटात पीठ कच्चं राहतं. रवा डोशाचं पीठ ताकासारखं पातळ. ते वरून शिंपडत ओततात तेव्हा जाळी पडते, आणि ती कुरकुरीत व्हायला साध्या डोशाच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे चौघांनी एक साधा, एक उत्तप्पा, एक रवा मसाला आणि एक मेदूवडा सांगितला तर चार बशा चार वेगवेगळ्या वेळी येणार. पहिल्याचं खाऊन हात धुऊन झालेले असतात तेव्हा चौथ्याची बशी येते. मग पहिला बसल्या बसल्या कॉफी सांगतो, ती येईपर्यंत चौथ्याचं संपतं, आणि त्यालाही कॉफी हवी असते. पाऊण तास असा जातो, आणि यात ना मास्तर आळशी असतो ना गिऱ्हाईक.

मिसळवाल्याचं बरं असतं. उसळ शिजलेली, कट उकळत ठेवलेला, फरसाण डब्यात, कांदा चिरलेला, लिंबाच्या फोडी तयार. वाटी भरायला मिनिटही लागत नाही. त्यामुळे टेबल वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप रिकामं होतं. पोहे-उपम्याचंही तसंच, घाण्यावर घाणा निघतो. सगळ्यात कठीण नव्या धाटणीच्या कॅफेचं, जिथे नाश्ता म्हणजे अंड्याचे पाच प्रकार आणि कॉफीचे बारा. एका माणसाच्या हाताखाली दोन तोंडांचं एस्प्रेसो यंत्र असतं. अर्क उतरायला २५ ते ३० सेकंद, पण दूध वाफवणं, जग धुणं, नोझल पुसणं धरून सहा प्रकारच्या सहा कॉफ्या द्यायला आठ-दहा मिनिटं सहज जातात. त्यात एक ओटच्या दुधाची असली की जग पुन्हा धुवावा लागतो. एग्ज बेनेडिक्ट या अंड्याच्या पदार्थावरचा हॉलंडेज सॉस जास्त तापला तर फाटतो आणि थंड पडला तर घट्ट होतो, म्हणून तो आधी करून ठेवता येत नाही. अशा ठिकाणी खाणं यायलाच अर्धा तास लागतो. तिथल्या मालकाने ‘४५ मिनिटांत उठा’ म्हटलं तर तो स्वतःच्या स्वयंपाकघराचा उशीर गिऱ्हाइकाच्या माथी मारतोय. वेळेचा नियम करायचा असेल तर घड्याळ पहिली बशी टेबलावर आल्यापासून चालू झालं पाहिजे, बसल्यापासून नाही.

आता सर्व्हिस चार्जकडे वळतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्याही नावाने तो घ्यायचा नाही, तो दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि तो जेवणाच्या रकमेत मिसळून त्यावर जीएसटी आकारायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, २० जुलै २०२२ ला स्थगिती मिळाली, आणि जवळजवळ पावणेतीन वर्षं सगळं अधांतरी राहिलं. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या आणि सक्तीचा सर्व्हिस चार्ज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं सांगितलं. संघटनांनी त्यावर अपीलही केलं. तरी आजही बिलाच्या तळाशी ती ओळ दिसते, आणि विचारल्यावर ‘सर, सगळेच देतात’ असं उत्तर मिळतं.

रुपयांत पाहा. नाश्ता १,२०० रुपयांचा झाला. ५ टक्के जीएसटी ६० रुपये, एकूण १,२६०. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला की १२० रुपये वाढले, आणि जीएसटी १,३२० वर लागून ६६ झाला. एकूण १,३८६. म्हणजे १२६ रुपये जास्त, त्यातले सहा रुपये एका ऐच्छिक रकमेवरचा कर. चौघांत वाटले तर माणशी तीस-बत्तीस रुपये, म्हणून कोणी वाद घालत नाही. मित्रांसमोर तीस रुपयांसाठी हुज्जत घालायला संकोच वाटतो, आणि ही आकारणी नेमकी त्या संकोचावर उभी आहे.

माझा आक्षेप कायद्यापुरता नाही. सर्व्हिस चार्ज ज्या दुखण्यावर औषध म्हणून सांगितला जातो, त्या दुखण्याला तो लागूच पडत नाही. दुखणं आहे टेबल अडण्याचं. आणि टक्केवारी लागते खाण्यावर. चौघं आले, पोटभर खाल्लं, पस्तीस मिनिटांत उठले, त्यांना १२० रुपये. शेजारच्या टेबलावर दोघं दोन कॉफ्या घेऊन दोन तास बसले, बिल ३०० रुपये, त्यांना ३०. ज्याने जास्त दिलं आणि लवकर जागा मोकळी केली त्याच्याकडून चौपट, आणि ज्याने टेबल अडवलं त्याच्याकडून पाव. यात ना धंद्याचा तर्क आहे ना न्यायाचा.

‘पण तो पैसा कामगारांना जातो’ असं उत्तर येतं. जात असेलही, कुठे कुठे. पण गिऱ्हाइकाला ते कळायचा मार्ग नाही, आणि तो पैसा पुरता कामगारांनाच वाटला पाहिजे असं बिलावर कोणी लिहून देत नाही. किमान वेतन देणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ती गिऱ्हाइकाच्या संकोचातून भागवायची नसते. पगार वाढवायचे असतील तर डोसा ९० चा १०० करावा. मेनूकार्डावर १०० लिहिलेलं पाहून ज्याला परवडणार नाही तो पुढच्या हॉटेलात जाईल. हा त्याचा हक्क आहे, आणि बिलातला सर्व्हिस चार्ज तो हक्क काढून घेतो, कारण किंमत कळते ती खाऊन झाल्यावर.

वेटरच्या टिपेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो गेल्या काही वर्षांत बिकट झालाय. पूर्वी बिल यायचं ते स्टीलच्या ताटलीत, बडीशेप आणि खडीसाखरेबरोबर. बिल १८२ रुपये, आपण २०० ची नोट ठेवायची, १८ रुपये परत यायचे, त्यातली दहाची नोट ताटलीतच राहायची. कोणी ठरवून टीप देत नसे, ती सुट्ट्या पैशांबरोबर आपोआप मागे राहत असे. आता गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन होतो, १८२ म्हणजे १८२ जातात, डबा बोलतो ‘एक सौ बयासी रुपये प्राप्त हुए’, आणि आपण निघतो. ताटलीत बडीशेप उरते. आपण वाईट झालो असं नाही, सुट्टे उरायची जागाच गेली. याला उपाय सोपा आहे आणि काही ठिकाणी तो दिसायलाही लागलाय. गल्ल्याशेजारी वेगळा क्यूआर, त्यावर स्पष्ट ‘कामगारांची टीप, मालकाच्या खात्यात जात नाही’. पैसे आठवड्याने सगळ्यांत वाटायचे, आणि सगळ्यांत म्हणजे तव्यावरचा मास्तर, भांडी घासणारा आणि फडकं मारणारा पोरगाही. वाटणीचं सूत्र भिंतीवर आतल्या बाजूला लावलेलं असावं. टेबलाशी येणाऱ्यालाच टीप मिळाली की आतल्या माणसाच्या वाट्याला काही येत नाही, आणि उत्तप्पा चांगला झाला तो त्याच्या हातामुळे.

बसण्याची किंमत मग कशी सांगायची? तर आपल्याकडे पूर्वापार सांगत आलो तशीच. जुन्या हॉटेलांच्या भिंतींवर ‘विनाकारण जास्त वेळ बसू नये’ अशा पाट्या असत. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाभोवती चार खुर्च्या, आणि एकटा माणूस आला की त्याला अनोळखी माणसांच्या टेबलावर बिनदिक्कत बसवत. बनमस्का आणि चहा सांगायचा, समोरचा पेपर वाचत असायचा, त्याच्याशी बोलायची सक्ती नव्हती. एका टेबलावर चौघं अनोळखी बसले तर एकही खुर्ची वाया जात नाही, म्हणून तिथे एका चहावरही बसता येत असे. पुण्याच्या पाट्या प्रसिद्ध आहेत. त्यांच्यातला फटकळपणा लोक चवीने सांगतात, पण त्यातला प्रामाणिकपणा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नियम काय आहे ते आत पाऊल टाकण्याआधी कळतं. पटलं नाही तर परत जा. आजचा गुळगुळीत कॅफे ‘बी अवर गेस्ट’ लिहितो आणि नियम बिलात ठेवतो. मला जुनी पाटी बरी वाटते.

पाटीवर काय असावं ते नेमकं लिहितो. ‘शनिवार-रविवार सकाळी ८ ते ११.३० गर्दी असते. या वेळात पहिली बशी आल्यापासून ४५ मिनिटांनी टेबल सोडावं लागेल. बाहेर कोणी थांबलं नसेल तर हा नियम लागू नाही. माणशी किमान एक खाद्यपदार्थ मागवावा. सर्व्हिस चार्ज नाही. साधं पिण्याचं पाणी मोफत. ज्येष्ठ आणि लहान मुलं असलेल्यांना वेळेची सवलत.’ बस. मराठीत आणि इंग्रजीत, दारावर, नावं लिहून घेणाऱ्याच्या शेजारी, वाचता येईल एवढ्या अक्षरात. ‘बाहेर कोणी थांबलं नसेल तर’ हे वाक्य गाळू नये. त्याच्याशिवाय नियम हट्टाचा होतो, रिकाम्या हॉटेलातही माणसं उठवली जातात. आणि वेळेसाठी वेगळे पैसे लावू नयेत. ‘टेबल चार्ज’ नावाखाली रक्कम घेतली तर तो दुसऱ्या नावाचा सर्व्हिस चार्ज ठरायची पुरेपूर शक्यता आहे. किमान ऑर्डरचं तसं नाही. तिथे पैशाच्या बदल्यात बशीत काही तरी पडतं.

यावर सगळ्यात जोरकस आक्षेप असा की कॅफे ही गप्पांचीच जागा आहे, घड्याळ लावलं की ती खाणावळ होते. नाश्ता हे निमित्त, महिन्याभराने भेटलेल्या मित्रांना बोलायचं असतं. हा आक्षेप मला खरा वाटतो. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली किंवा रूपाली हॉटेलात वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात जमणारे कट्टे पुण्याच्या सार्वजनिक आयुष्याचा भाग आहेत, आणि त्यांना ४५ मिनिटांचं घड्याळ दाखवणारं शहर गरीब होईल. पण हे कट्टे टिकले ते कसे, तेही पाहावं. ठरावीक मंडळी, ठरावीक वेळ, बहुतेक आडवारी आणि गर्दीच्या आधी किंवा नंतर, वेटर ओळखीचा, त्याला अण्णा म्हणून हाक मारायची, आणि गर्दी वाढली की न सांगता उठायचं. तो एक न लिहिलेला करार होता. रविवारी दहा वाजता शहराच्या दुसऱ्या टोकाहून पहिल्यांदाच आलेल्या सहा जणांशी असा करार असायचं कारण नाही, त्यांना तो कोणी सांगितलेलाही नसतो. ओळखीच्या जागी जे नजरेने चालतं ते अनोळखी गर्दीत लिहूनच चालतं.

दुसऱ्या प्रकारचे कॅफे आहेत, जे बसणंच विकतात. मऊ सोफे, वायफाय, प्रत्येक टेबलाखाली प्लग. तिथे २५० रुपयांची कॅपुचिनो महाग नाही, त्यातली बरीच रक्कम खुर्चीची आहे आणि ती कार्डावर उघड लिहिलेली आहे. कोणी एका कॉफीवर लॅपटॉप उघडून तीन तास बसला तर तो करार मोडत नाही. पण जो २५० रुपयांत खुर्चीचं भाडं घेऊन वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावतो, तो एकाच खुर्चीचं भाडं दोनदा घेतो.

आपल्या बाजूनेही काही देणं लागतं. लग्नाच्या पंगतीत पुढची पंगत मागे उभी असताना पानावर बसून कोणी गप्पा छाटत नाही, आणि हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तोच विचार हॉटेलात चालवावा. आत शिरायच्या आधीच, बाहेर थांबलेले असताना काय खायचं ते ठरवून ठेवा, मेनू बहुतेक ठिकाणी भिंतीवर असतो. सगळ्यांचं एकदम सांगा, कॉफीसकट, ‘कॉफी खाणं झाल्यावर’ एवढं जोडून. सहा जणांत दोनच प्रकार निवडले तर सगळ्यांच्या बशा जवळजवळ बरोबर येतात. चार मसाला डोसे आणि दोन इडली-वडा हे सहा निरनिराळ्या पदार्थांपेक्षा निम्म्या वेळात होतं. रवा डोसा हवाच असेल तर तो सर्वांनी घ्या किंवा आडवारी या. पाण्याची सीलबंद बाटली वेटरने न विचारता आणली तर सील तुटण्याआधीच साधं पाणी मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालानंतर हॉटेलात बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, त्यामुळे नंतर वाद घालून उपयोग नाही.

टीटीएमएम जरूर करा, मैत्री टिकवायला तुझं तू माझं मी चांगलंच. पण ते बाहेर आल्यावर. गर्दीच्या वेळी एका टेबलाची सहा बिलं करायला लावलं की गल्ल्यावरचा माणूस पाच-सात मिनिटं अडकतो. पदार्थांची वाटणी करताना एखादी कॉफी हमखास राहते किंवा दोनदा लागते, आणि सहा वेळा स्कॅन, सहा वेळा डबा बोलेपर्यंत थांबणं. एकाने भरावं, बाकीच्यांनी त्याला जागच्या जागी पाठवावं.

बिल मात्र एकाने तरी नीट वाचावं. वरती जीएसटी क्रमांक आहे का पाहा. सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच, मिळून पाच, यापेक्षा जास्त साध्या उपाहारगृहात नसतं. हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहिलेलं असावं लागतं. सर्व्हिस चार्जची ओळ दिसली तर आवाज न चढवता ‘हा काढून द्या’ म्हणा. पैसे भरायच्या आधी म्हणा, कारण भरल्यावर बिल रद्द करून नवं काढायला व्यवस्थापक लागतो आणि तो नेमका नसतो. वेटरशी वाद घालू नका, ओळ त्याने घातलेली नाही. व्यवस्थापक ऐकेना तर बिलाचा फोटो घेऊन पैसे भरा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते. १२६ रुपयांसाठी एवढं कोण करणार, हे बरोबर आहे. पण एका हॉटेलबद्दल चाळीस फोटो गेले तर ती रक्कम १२६ ची राहत नाही. काढून दिलेल्या १२० रुपयांतले पन्नास वेटरच्या हातात ठेवता आले तर जरूर ठेवा.

आणि एक महापालिकेकडे मागायचं. रविवारी सकाळी बसून बोलायला पैसे न लागणारी जागा शहरात कुठे आहे? पुण्यातल्या बहुतेक बागा सकाळी काही तास उघडतात आणि ऐन गप्पांच्या वेळी बंद होऊन थेट संध्याकाळी उघडतात. सावलीतले बाक, पिण्याचं पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि दुपारपर्यंत उघडं फाटक एवढं असेल तर पार्सल घेऊन बागेत बसणारे कितीतरी निघतील. आज ते सगळे कॅफेच्या ४८ खुर्च्यांवर येतात.

तोवर बोलायला भरपूर वेळ हवा असेल तर वार बदला. बुधवारी दुपारी साडेतीनला त्याच कॅफेत निम्मी टेबलं रिकामी असतात. तवा मंद आचेवर असतो, त्यामुळे उत्तप्पा रविवारपेक्षा चांगला होतो. दुसरी कॉफी मागितली तर वेटरला आनंदच होतो, आणि दोन तासांत कोणी ‘अजून काही?’ विचारायला येत नाही.